सरोंगच्या गाठीतली तीन अंडी

सेतिऊ, तेरेंगानू

प्रिय सेनाह,

तू कशी आहेस? जावईबापूंचा खोकला थांबला का? नातीला दात आला का? आणि तुझे गुडघे?

हे पत्र मी टाकणार नाही. तुला पत्रं वाचून दाखवतात ते जावईबापू, आणि नोकरी त्यांची वनखात्यात.

गुडघ्यांसाठी तू कासवाची अंडी मागितलीस, आई खायला द्यायची तशी. "हल्ली कासवं येत नाहीत," असं मी कळवलं. ते खोटं होतं. कासवं राखायला हॉलंडहून बिनपगारी आलेल्या मरैके नावाच्या पोरीबरोबर मी रोज पहाटे अंडी कुंपणातल्या वाळूत नेऊन पुरत होतो. अंड्याची वरची बाजू वरच राहावी लागते, नाहीतर आतला जीव जातो. एकदा तिची पाठ वळली आणि जुन्या सवयीनं तीन अंडी माझ्या कमरेला गुंडाळलेल्या सरोंगच्या गाठीत गेली. चार पावलांवर लाज वाटली, परत येऊन पुरली. पण तोवर ती गाठीत गडगडली होती.

दोन महिन्यांनी बाकी सगळी पिल्लं निघाली. ती तीन तशीच राहिली.

"काका, पुरताना माझेच हात कापत होते," म्हणून पोर रडली. मी तिला तसंच समजू दिलं.

काल ती घरी परत निघाली, तेव्हा तिची बॅग उचलताना सगळं सांगून टाकलं, तुझ्या गुडघ्यांसकट. मग म्हणाली, "अहो काका, चोरायची तर धड चोरायची तरी!" आणि बॅग माझ्या हातून घेत, "बहिणीचे गुडघे आता कसे आहेत?"

टपालात टाकतोय त्या दुसऱ्या पत्रात तेवढंच विचारलंय. लवकर कळव.

तुझा दादा,
देरामान