पाचशे बारा बाइटांपुढची ओळ

नळदुर्ग,
५ जानेवारी

प्रिय सोनाली,

फोनवर माझं नाव दिसलं की तू कट करतेस, ते बरोबरच आहे. म्हणून कागद घेतला. खालच्या टायर दुकानाच्या शिवप्रसादकाकांनी एक जुनी डायरी दिली, तिचीच पानं फाडून लिहितेय. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात टायरचं चित्र आहे, त्याला हसू नकोस. काका अजून तुझी चौकशी करतात. त्यांच्या दुकानावरच्या आपल्या खोलीत तुझ्या टेबलावर मी वायरींचा ढीग घातलाय. हैदराबादकडचे ट्रक गेले की खिडकी अजून थरथरते, आणि तिच्या फटीत कागद खोचायचं तुझ्याशिवाय कुणाला सुचत नाही.

अणदूरच्या पुढच्या त्या गावातला आपला बोर्ड तू विसरली नसशील. आठ दिवसांनी नळाला पाणी येणारं गाव. कोणत्या गल्लीला कधी सुटणार ते चौकात दिव्यांच्या अक्षरांत दिसावं, एवढंच काम. तू यादी टाइप करायचीस, माझा प्रोग्राम ती बोर्डाला धाडायचा. मी म्हटलं होतं, इंग्रजी अक्षरांत लिहू, सोपं जाईल. तू ऐकलं नाहीस. बायका घागर घेऊन जाता जाता वाचणार, त्यांना मराठीच पाहिजे, आणि गल्ल्यांचे नंबर नकोत, गाव म्हणतं तीच नावं पाहिजेत. म्हणून शांताक्कांचा बोळ बोर्डावर ‘शांताक्कांचा बोळ’ म्हणूनच लागला. अक्कांनी त्या दिवशी आपल्याला चहा पाजला आणि माझ्याशी कानडीत माझ्या आजोळच्या गप्पा मारल्या. तू काही न कळता मान डोलवत होतीस.

मग एप्रिल आला. तीन गल्ल्या वाढल्या, यादी लांबली, आणि लागोपाठ दोन आठवडे शेवटची ओळ, शांताक्कांच्या बोळाची, बोर्डावर आलीच नाही. माणसं रानात, नळ सुटून गेले, पाणी गटारीला. दुसऱ्या खेपेला तर अक्कांच्या नातीचं बारसं होतं. पंचायतीत अक्का कडाडल्या, “त्या टाइप करणाऱ्या पोरीनं आमचाच बोळ गाळलाय, मुद्दाम गाळलाय.” तू म्हणालीस, सगळ्या ओळी टाकल्या होत्या. सरपंचांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या प्रोग्रामनं ‘यादी पाठवली’ असं दाखवलं होतं, मी तेच खरं धरलं आणि म्हटलं, टायपिंग सोनालीकडंच असतं. एवढं एकच वाक्य. सभेच्या इतिवृत्तात तुझं नाव ‘हलगर्जीपणा’ या शब्दाशेजारी लिहिलं गेलं. तिसऱ्या दिवशी तू पुण्याच्या गाडीत बसलीस.

खरं काय झालं होतं ते ऐक. प्रोग्राम जे लिहितो ते बाइटाबाइटानं बोर्डाकडं वाहत जातं. त्या वाटेवर मी एक मोजणी बसवली, नळाला मीटर बसवतात तशी. आलेलं सगळं पुढं सोडायचं, फक्त किती गेलं ते मोजत राहायचं. त्याच जुन्या यादीचा आकडा आला पाचशे सत्त्याऐंशी. बोर्डात मावतात पाचशे बारा. पुढचे तो गुपचूप टाकून देतो, आणि अर्धवट राहिलेली ओळ दाखवतच नाही. मी एक अक्षर म्हणजे एक बाइट धरून चालले होते, कारण माझी चाचणी इंग्रजीत झाली होती. ‘शांताक्का’ हे नाव इंग्रजीत नऊ बाइटांत बसतं. मराठीत काना, अनुस्वार, सगळे तीन-तीन बाइट खातात, तेच नाव सत्तावीसवर जातं. तुझी यादी पुरी होती, सोनाली. चूक माझी होती.

मी यादीचे दोन भाग केले. आकडा पाचशे बाराच्या वर जायला लागला की प्रोग्राम थांबून तसं सांगेल, अशी सोय केली. त्यानंतर बोर्ड एकदाही चुकला नाही. गावानं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला: ती पोरगी गेली आणि बोर्ड सुधारला. हे माझ्या तोंडावर, मला चहा देत बोलले लोक, आणि मी तो चहा प्याले.

परवा येळवशीच्या अमावस्येला शांताक्कांनी शेतात जेवायला बोलावलं. पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, सगळं पुढ्यात वाढलेलं. तिथंच कडब्यावर बसून त्यांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट. अक्का भज्जी ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे त्या लेकरानं माझं नाव नीट लिवलं, अन् म्या तिलाच बोलले व्हय?” पळी खाली ठेवून, “अन् तू ऐकत हुबी ऱ्हायलीस?” मी हो म्हटलं. त्यांनी मला पुन्हा वाढलं, पण माझ्याकडं बघितलं नाही. निघताना म्हणाल्या, “तिला बोलीव. न्हाय आली तर म्या जाते पुण्याला. लई वंगाळ बोलले म्या.”

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. वरचं वाचून तुला वाटलं असेल, हे मला आत्ता कळलं. ती मोजणी मी तू गेल्याच्या नवव्या दिवशीच बसवली होती. तेव्हापासून आठ महिने मला सगळं माहीत होतं. दुसऱ्या गावाचं काम नुकतंच मिळालं होतं, ते जाईल म्हणून घाबरले आणि तुझं नाव तिथं तसंच राहू दिलं. याची मला फार लाज वाटते. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभी राहून हे सांगणार आहे, आठ महिन्यांसकट. इतिवृत्तातली नोंद दुरुस्त करायचा अर्जही दिलाय, त्यावर माझ्या सहीखाली शांताक्कांची सही आहे. गावाच्या आधी तुला कळावं म्हणून लिहिलं. माफी दे असं म्हणायचा हक्क मला नाही. सभा सकाळी झेंडावंदनानंतर आहे. तू येईपर्यंत सुरू करू द्यायची नाही, असं अक्कांनी सरपंचांना बजावलंय, आणि त्या कुणाचं ऐकत नाहीत.

तू मानलंस तर तुझीच,
भुवनेश्वरी