राणोजीहळ्ळीच्या शाळेची एक्केचाळीस कौलं

मी, खंडोजीराव रघुनाथराव इंगळे, वय चौऱ्याहत्तर, राहणार इट्टिगेगूड, म्हैसूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहितो. डोळ्यांना चष्मा लागतो, कान शाबूत आहेत. वकील म्हणाले कन्नडात करा. नक्कल कन्नडात होईल. मूळ मराठीतच, कारण पुतण्या विक्रांतला मराठी वाचता येत नाही. त्याला बसून ऐकावं लागेल.

१. पंपदुरुस्तीचं दुकान आणि हत्यारं मुलगी सुष्मा हिला. चालू मोटरवर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि बेअरिंग कुठं रडतंय ते ऐकायचं, एवढ्या विद्येवर मी बेळगोळच्या कारखान्यातून स्वतःच्या दुकानात आलो. तो लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हरही तिचाच.

२. राणोजीहळ्ळी, तालुका एच. डी. कोटे, इथल्या शाळेखालची एक एकर दहा गुंठे जागा. वडिलांनी ती १९५४ साली गावाला तोंडी दिली. कागद मागणं तेव्हा अपमान समजत, म्हणून ती वाटणीत माझ्याच नावावर राहिली.

त्या शाळेची रीत अशी होती. मुलाला स्वतःचं नाव लिहिता आलं की घरच्यांनी एक कौल आणायचं, मुलानं खिळ्यानं त्यावर नाव कोरायचं, आणि नावाची बाजू आत ठेवून ते छपरावर चढवायचं. बाकी छप्पर साध्या कौलांचं; नावांची एक्केचाळीस कौलं चढायला अकरा वर्षं लागली. माझी आई भागीरथीबाई माझं कौल घेऊन आली आणि मागच्या बाकावर बसून राहिली. दोन वर्षांनी तिचंही कौल चढलं. तिनं नाव लिहिलेली ती पहिली वस्तू.

मागच्या वर्षी विक्रांतनं कबिनी धरणाजवळ रिसॉर्ट काढलं. उद्घाटनाला मला खुर्ची दिली, कॉफी दिली. सहज वर पाहिलं तर स्वागतकक्षाच्या छपरात आईचं नाव. पाहुणे खाली उभे राहून फोटो काढत होते. मी विचारलं तर म्हणाला, "अय्यो काका, सुम्ने, उगाच मनाला लावून घेताय. अँटिक आहे ते. शाळेला पत्रे घालून दिले की." स्वतःच्या आजीला अँटिक म्हणाला. माझी पाठ वळल्यावर भागीदाराला कन्नडात सांगत होता, म्हातारा गेला की शाळेची जागाही आपलीच, तिथं कॉटेजेस होतील. मी दाराबाहेर चपला घालत होतो.

कौलं काढायला परवानगी शाळा समितीनं दिली. पाचही सभासदांची मुलं व्हॅननं तालुक्याला इंग्रजी शाळेत जातात, आणि हेच पाच जण मुलं कमी आहेत म्हणून शाळा बंद करा असा ठराव लिहितात. किळस येते. लपवत नाही, ही वाट मीच पाडली. सुष्माला मी म्हैसूरच्या कॉन्व्हेंटात घातलं आणि गावात पेढे वाटले. तिचं कौल त्या छपरावर कधी चढलं नाही.

म्हणून जागा समितीला नाही, विक्रांतला नाही. सुष्मानं ती शाळेसाठी सांभाळावी. आज सात मुलं आहेत. एक उरलं तरी जागा विकू नये, भाड्यानं देऊ नये.

३. इट्टिगेगूडच्या घराचा वरचा मजला, जिथं विक्रांत राहतो, तो त्याला, पण एका अटीवर. पत्रे काढून, त्यानं नेलेली नावांची एक्केचाळीस कौलं आणि बाकीची साधी कौलं स्वतः शिडीवर चढून परत बसवावीत, नावं आत. गवंडी खाली उभा राहून सांगेल. शाळेला पत्रे आल्यापासून पाऊस लागला की वेदवतीबाई शिकवणं थांबवतात, आवाज पोचत नाही. मी जाऊन ऐकलंय. सात मुलं पत्र्याकडे बघत बसतात.

तेव्हा कौलं बसल्यावर पावसाच्या दिवशी सुष्मानं माझ्या आईच्या त्या बाकावर बसावं. बाईंचा शब्द तिथं ऐकू आला, तर विक्रांतला मजल्याचा कागद द्यावा. नाही आला, तर तो मजलाही सुष्माचा.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: खं. र. इंगळे

साक्षीदार:
१. वेदवतीबाई, शिक्षिका, राणोजीहळ्ळी
२. डॉ. विजयेंद्र, म्हैसूर (यांनी माझे कानही तपासले)

म्हैसूर, ९ जून २०२५