शिक्षा द्या, पण समोर बसवू नका

ती. दाजींना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि ताईचा रक्तदाब दोन्ही ताब्यात असतील, अशी आशा आहे. तुम्ही तीस वर्षं न्यायाधीश होतात, म्हणून हे गाऱ्हाणं तुमच्याकडे.

इमारतीचा सचिव म्हणून मी केलेला नियम तुम्हाला ठाऊक आहेच: ज्याच्या कुंड्यांचं पाणी खालच्यांच्या कपड्यांवर गळेल, त्याचं पाणी दिवसभर बंद. (सुनावणी नाही. सुनावणी ठेवली की लोक बोलतात.) सोमवारी तिसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याने तक्रार केली. त्याच्या बरोबर वर नर्सबाई राहतात, म्हणजे गुन्हेगार त्याच. मी गच्चीवर जाऊन त्यांचा कॉक बंद केला. त्यांच्याकडे एकही कुंडी नाही, हे त्या साबणभरल्या डोक्याने माझ्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा कळलं. धावत जाऊन कॉक उघडायला गेलो, तर तो हातातच आला. आता नवा बसेपर्यंत त्यांचं पाणी बंदच.

मी तत्काळ राजीनामा आणि फलकावर लेखी माफी देऊ केली. बाई म्हणाल्या, "राजीनामा दिलात की तुम्ही सुटलात. माझं काय? बसा समोर आणि ऐका." दाजी, पाऊण तास ऐकलं. डोळ्यांची आग, आजारी बहिणीचा दवाखान्यातला हुकलेला नंबर, सगळं. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. शिक्षेत असं काही वाटत नाही, हाच तिचा मोठा गुण. शेवटी ठरलं, की कॉक बसेपर्यंत रोज सकाळी दोन बादल्या मी चौथ्या मजल्यावर पोचवायच्या. जिन्याने, कारण लिफ्टचं दार कोणीतरी उघडं ठेवलं म्हणून महिनाभर ती मीच सर्वांना बंद केली आहे. हे ऐकून शिंपी, मास्तर, दाताचे डॉक्टर असे माझ्या हातून शिक्षा झालेले सगळेच आपापल्या खुर्च्या घेऊन आले. रोज एकाचं ऐकतो आहे. अजून सहा जण बाकी आहेत.

तुमचा,
धाकटा मेव्हणा

ता. क. जुन्या अधिकाराने मला एखादी कडक शिक्षा लिहून पाठवा. मी अपील करणार नाही.

ता. क. २ आज बादल्या नेताना वर पाहिलं. पाणी पाचव्या मजल्यावरून, म्हणजे आमच्याच कुंड्यांतून गळतं. हिला नियम सांगितला, तर म्हणाली, पाणी खुशाल बंद करा, पण आधी समोर बसा. तिचं चौतीस वर्षांचं साठलं आहे. दाजी, तुमच्या ओळखीचा कोणी जेलर अजून नोकरीत आहे का? खोली साधी चालेल.