दाराकडचं टेबल

दि. १२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक आहोत असं लिहायची सवय आहे, म्हणून लिहिते. आईचा गुडघा तसाच आहे, आणि डॉक्टरांपेक्षा आपल्यालाच जास्त कळतं हा तिचा समजही. शाळेतली मुलं छळतात का तुला? तू आम्हाला काय कमी छळलंस, तेव्हा फिट्टंफाट झाली म्हणायची.

प्रयोगशाळेतल्या काचघराचं छत अखेर दुरुस्त झालं. इतकी वर्षं आपण अर्ज करत होतो.

माळीकाका गेले. महिना झाला. कळवायला उशीर केला, कारण तुला त्यांचा विषय काढलेला चालत नाही. तुझ्या सहा वर्षांच्या कामाची टोमॅटोची झाडं त्यांनी टाकाऊ झाडं जाळायच्या भट्टीत घातली, त्यावर तू इथलं सगळं सोडून गेलीस. राग धरलास म्हणून तुला कोण नावं ठेवणार? मीही ठेवली नाहीत. त्यांची तेवीस वर्षांची नोकरी गेली तेव्हाही ठेवली नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरच्या काकू प्रयोगशाळेपाशी आल्या. गेटवरच्या माणसाने आत सोडलं नाही, तर तासभर बाहेर उभ्या होत्या. म्हणाल्या, "ताईंना म्हणावं, माफ केलं एवढी एक ओळ लिहून पाठवा. जाताना पण त्यांच्या डोक्यात तेच होतं." मी हो म्हणाले आणि घाईघाईने आत आले. त्यांना बसा असंही म्हणाले नाही.

चार दिवस हे पत्र लिहायला बसत होते. 'एक ओळ लिहून पाठव' इथपर्यंत यायचे आणि हात अडायचा. शेवटी आज सकाळी काकूंच्या घरी गेले.

त्यांना आधी फूल समजावून सांगावं लागलं. तुझ्यासारखं मला जमत नाही. म्हटलं, "काकू, टोमॅटोच्या फुलात बाहेर हिरवी दलं, मग पिवळ्या पाकळ्या, मग परागाचा भाग आणि मधोमध फळ धरणारा भाग. कोणी कुठे काय व्हायचं ते जनुकं ठरवतात. ताईच्या झाडांत त्यातलं एक बिघडलेलं होतं. म्हणून परागाच्या जागीही पाकळ्याच यायच्या, आणि फळाच्या जागी फुलातून दुसरं फूल."

"म्हणजे बी धरणारच नाही."

"नाही. बी मिळायचं ते त्यांच्या साध्या भावंडांकडून. त्यांतल्या काहींच्या पोटात तो बिघाड असतो, पण वरून तीही चारचौघांसारखी दिसतात."

"मग ओळखायची कशी?"

"बघून नाही ओळखता येत. एकदा तपासायची, आणि कुठली कुठे ठेवली ते लिहून ठेवायचं."

ताई, तू तेव्हा तीन आठवडे बाहेरगावी होतीस. जपायची झाडं खिडकीकडच्या टेबलावर होती, टाकायची दाराकडच्या. खिडकीकडे छत गळायला लागलं म्हणून मी दोन्ही टेबलांवरच्या कुंड्यांची अदलाबदल केली आणि वहीत लिहायचा कंटाळा केला. आठवड्याने मला माझ्या रोपांसाठी जागा हवी झाली. काकांना म्हणाले, दाराकडचं टेबल रिकामं करा. त्यांनी केलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तोवर संध्याकाळ झाली होती आणि भट्टी थंड झाली होती.

मग मी खिडकीकडच्या कुंड्या उचलून दाराकडच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. बावीस कुंड्या, एकेक करून. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका आले आणि त्या दोन टेबलांकडे बघत राहिले. "मी दाराकडचंच रिकामं केलं होतं," म्हणाले. तुलाही तेच म्हणाले, प्रयोगशाळेच्या साहेबांनाही. मी म्हणाले, काकांना हल्ली नीट दिसत नाही. तू माझ्या शब्दावर तक्रार लिहिलीस. महिन्याभराने ते स्वतःच मला म्हणाले, "माझंच चुकलं असेल, बाई." तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. लिहायची लाज वाटते, पण वाटलं होतं.

हे सगळं काकूंनी ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, नोकरी गेल्यापासून त्यांनी घरात गॅस पेटवणं सोडलं होतं. दिवा लावायचा तरी दहादा विचारायचे, "हे डावीकडचंच बटण ना?" दोनदा चष्मा करायला गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे चांगले आहेत, काही झालेलं नाही. तेव्हा घरी येऊन म्हणाले, म्हणजे मग माझं डोकंच गेलं.

मग त्यांनी विचारलं, "आता हे त्यांना कोण सांगणार?"

तिथून उठून साहेबांकडे गेले आणि सगळं लेखी दिलं. माझं ते काय करतील ते करोत. तू ती ओळ लिहू नकोस. काकांना माफ करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि मी माझ्यासाठी माफी मागत नाही.

खरं बोलणाऱ्या माणसाला वेडं ठरवणारी,
तुझी धाकटी