पायावरची फुली

सर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास मी तुमच्या हाताखाली शिकाऊ डॉक्टर म्हणून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला एक जांभळं पेन दिलंत. म्हणालात, "गुडघा निखळलेला पेशंट आला की आधी गुडघा बघायचा नाही, पाऊल बघायचं. नाडी लागली तिथे फुली मारायची, म्हणजे पुढच्याला शोधावी लागत नाही." गुडघ्यामागची रक्तवाहिनी फाटली तर पाय वाचवायला हातात सहा तास असतात, हेही तुम्हीच शिकवलंत. मी आंजी गावच्या हाडं बसवणाऱ्याची मुलगी. वर्गात कुणी हाडवैद्यांवर हसलं की मान खाली घालायची. तुम्ही कधी हसला नाहीत, म्हणून तर मी तुम्हाला इतकं मानलं.

त्या दिवशी सकाळी आमच्या गावच्या एका तरण्या शेतकऱ्याची कापसाची बैलबंडी उलटली आणि तो गुडघ्यावर आपटला. तासाभरात बाबा त्याला ट्रकमध्ये घालून घेऊन आले, त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर धरून. मला बघताच म्हणाले, "पोरी, गुडघा सरकला होता, उचलताना आपोआपच बसला. पण पाय थंडा पडून राह्यला. म्या बांधलं नाई, तेलाचं बोटही लावलं नाई. तुह्या मोठ्या डॉक्टरले लवकर सांग." मी पाऊल चाचपते आहे. नाडी नाही. पेन हातात तसंच उघडं. तुम्ही येता, एक्स-रे उजेडाकडे धरता, हाडं जागच्या जागी. हीच तर या दुखण्याची लबाडी, फोटोत सगळं छान दिसतं. मग तुम्ही पावलावर बोटं टेकवता, माझ्या हातातलं पेन घेता आणि फुली मारता. "लागते की. सुजेमुळे तुला कळली नाही."

अशी रक्तवाहिनी शिवणारं तेव्हा जिल्ह्यात कुणी नव्हतं. दवाखान्याची जीप अंगणात उभी होती, दोन तासांत नागपूर गाठलं असतं. बाबा दारातून पुन्हा म्हणाले, "साहेब, बोटं पांढरी पडून राह्यली." तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी पाय मांडीतून कापावा लागला. फुली त्या काळ्या पावलावर तशीच होती.

तुम्हाला स्वतःच्याच बोटातली नाडी लागली असणार. घाईत होतं तसं, मलाही पुढे दोनदा झालं. त्या चुकीबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याचे नातेवाईक जमले, तेव्हा तुम्ही त्यांना शांतपणे सांगितलंत, "हाडवैद्यानं आवळून बांधला होता, आणि आणलंही उशिरा." माझे वडील समोर उभे होते, सर. ज्या एका माणसानं हात न लावण्याचं शहाणपण दाखवलं, त्याच्याच गळ्यात तुम्ही तो पाय बांधलात. तुमच्यासारख्यानं असं करावं? दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी इतकी जळले नसते.

गावानं तुमचंच खरं मानलं. आमच्या ओसरीवर कुणी लचकलेला हातसुद्धा घेऊन येईना. बाबांनी हाडं बांधायच्या बांबूच्या कामट्या चुलीत घातल्या. मला एकदाच म्हणाले, "तू त तिथंच होती ना, माय? मंग काऊन नाई बोलली?" मी चहा टाकायला आत गेले.

तुमच्या अंत्ययात्रेला मी आले नाही. हे पत्रही कुठे पाठवायचं नाही, पेनाशेजारी ड्रॉवरमध्ये राहील. पण एक गोष्ट लिहूनच टाकते. त्या दिवशी केसपेपरवरची 'हाडवैद्याने आवळून बांधले, उशिरा आणले' ही ओळ तुम्ही फक्त सांगितलीत, लिहिली मी. बाबांना मरेपर्यंत वाटत होतं की ते अक्षर तुमचं आहे. मी त्यांना तसंच वाटू दिलं.