लोणचं चालेल, असं मीच म्हणाले होते

प्रिय आई,

आज सातवीच्या वर्गात क जीवनसत्त्व शिकवत होते. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, लिंबाच्या लोणच्यात पण असतं का?" "उद्या सांगते" म्हणून मी फळा पुसायला घेतला. घरी आले ती थेट तुला लिहायलाच बसले. वर्ष होत आलं तुला जाऊन, आता टाळण्यात अर्थ नाही.

तुझ्या हृदयाचं दुखणं कळलं तेव्हा डॉक्टरांनी किती नीट समजावलं होतं! पेरू, मोसंबी, आवळा, ताजं लिंबू रोज खायचं. त्यातलं क जीवनसत्त्व रक्तवाहिन्यांच्या भिंती चांगल्या राहायला मदत करतं, म्हणजे हृदयालाही बरं. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत आणि मीठ अगदी कमी. तू मान डोलावलीस आणि माझ्याकडं बघितलंस. पुढचं सगळं ही बघेल, असा भरवसा होता तुझ्या नजरेत.

मग एका दुपारी शुक्रवार पेठेतल्या खोलीवरून तुझा फोन आला. "सुमे, पेरू काय चावत न्हाय बघ मला. बरणीत लिंबाचं लोणचं हाय की. त्ये चालंल का?"

मी पेपर तपासत होते. फोन खांद्यावर, लाल पेन हातात. म्हणाले, "लिंबूच ना ते, चालेल की." आणि पुढचा पेपर ओढला.

इतकी वर्षं मी पोरांना हेच शिकवतेय, आई. क जीवनसत्त्व साठवणीत घटत जातं. लोणच्यात भरपूर राहतं ते मीठ, आणि तुला नको होतं ते नेमकं तेच. पेरू किसून दिला असता, मोसंबीच्या फोडी सोलून दिल्या असत्या, भाजीवर लिंबू पिळ म्हणाले असते. एवढं सुचायला काय अक्कल लागते?

शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं, तू दोन्ही वेळा मोजून दोन फोडी खायचीस. तुला आंबट सोसायचं नाही, दात आंबायचे. लोणचं घालायचीस ते दादासाठी आणि माझ्यासाठी. तरी डोळे मिटून गिळायचीस आणि म्हणायचीस, "पोरगी सायन्सची मास्तरीण हाय. तिनं सांगितलंय."

तुझे पाय सुजले तेव्हा दादा चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातली पाळी सोडून आला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, लोणचं-पापड काही चालू आहे का? तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. "मीच खात हुते चोरून. हिनं लई सांगितलं, मी ऐकलं न्हाय."

दादा तुला केवढं बोलला त्या दिवशी! रिक्षात बसेपर्यंत बोलत होता. तू खाली मान घालून ऐकत होतीस आणि मी शेजारी गप्प. का गं वाचवलंस मला? मी काय लहान होते?

लोणच्यानंच तू गेलीस असं डॉक्टर म्हणाले नाहीत. हृदय आधीच थकलं होतं. पण त्या आडोशाला मी किती दिवस लपू? मला लाज वाटते ती त्या चुकीपेक्षा गप्प बसण्याची.

येत्या रविवारी तुझं वर्षश्राद्ध. काल दादा म्हणाला, "पानात लोणचं वाढ, तिच्या आवडीचं. जिभेपायी गेली बाई." मी तेव्हाही "बरं" म्हणाले, आई. तू गेल्यावरसुद्धा.

पण रविवारी पान वाढायच्या आधी मी सगळ्यांसमोर दादाला सांगणार आहे. तो माझ्याशी बोलणं टाकेल कदाचित. टाकू दे. आईनं ऐकलं नाही, असं तो वर्षभर ज्याला-त्याला सांगत आलाय. तू ऐकलं होतंस, आई. माझं ऐकलं होतंस.

तुझी,
सुमन