आठच्या ठोक्याला स्वस्त वीज

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४० (बरोबर)

आजपासून घरात विजेचा बदलता दर सुरू. फॉर्म मी भरला. घरात मतदान घेतलं नाही, निकाल ठाऊक होता. आता दर अर्ध्या तासाला विजेचा भाव वेगळा. दुसऱ्या दिवशीचे भाव आदल्या संध्याकाळी पाचला लेकीच्या फोनवर येणार. तांबडा पट्टा महाग, पिवळा मधला, हिरवा स्वस्त. भर दुपारी ऊन असतं, तेव्हा हिरवा. संध्याकाळी सगळा गाव बटणं दाबतो, तेव्हा तांबडा. आठला तांबडा संपून पुन्हा हिरवा. शेवटचा अर्धा तास, साडेसात ते आठ, सगळ्यांत तांबडा. जवळजवळ जांभळाच.

बेशिस्त माणूस या दरात बुडेल. शिस्तीचा माणूस तरेल. गेल्या दहा वर्षांत मी ऑफिसला एकदाही उशिरा पोचलेलो नाही. हा दर कंपनीने मला समोर ठेवूनच काढला असावा.

हिने एकच अट घातली. महिन्याचं बिल वाढलं तर घरातली सगळी बटणं तिच्या ताब्यात. मी हसत कबूल केलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ५.३०

पाचचा मेसेज ५.२२ ला आला. कालही तेवढ्यालाच. एवढी मोठी कंपनी, आणि साधी वेळ पाळता येत नाही. फ्रीजवर तक्ता लावला, तीन रंगांच्या स्केचपेनांनी. लेक म्हणाली, बाबा, माझ्या पहिलीच्या प्रोजेक्टसारखा दिसतोय. मी कौतुक म्हणून घेतलं.

आईला सांगितलं, उद्यापासून आंघोळ सकाळी अकराला, हिरव्या पट्ट्यात. आई म्हणाली, अरे, सत्तर वर्षं सहाला आंघोळ करतेय, तुझ्या पट्ट्यासाठी पारोशी बसू काय? आईचा गीझर अपवाद म्हणून तक्त्यात लिहिला. मी स्वतः रात्री आठला आंघोळ करणार. सुरुवात स्वतःपासून.

६ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री ९.१०

मोठी बातमी. हिच्या केकना कॉलेजच्या कँटीनची ऑर्डर मिळण्याची शक्यता. सोमवारपासून महिनाभर ट्रायल, रोज चाळीस कप केक. आवडले आणि वेळेवर पोचले तर वर्षभराचं काम. ही चार वर्षं शेजारपाजारच्या वाढदिवसांवर आहे. आज जेवताना दोनदा मीठ वाढलं, इतकी खुशीत.

मग गंभीर झाली. म्हणाली, नफा अगदी थोडा आहे. ओव्हनने बिल वाढवलं तर हे काम परवडायचं नाही, सोडूनच द्यावं लागेल. मी म्हटलं, बिलाची काळजी माझ्यावर सोड. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. विश्वासाने, असं वाटतं.

केक पोचवण्याचं कामही मीच घेतलं. कँटीन ऑफिसच्या वाटेवरच आहे. वेळेच्या बाबतीत घरात दुसरं आहे कोण?

९ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८.४५

आज रंगीत तालीम. सात पंचावन्नला सगळ्यांना जागेवर उभं केलं. लेक वॉशिंग मशीनपाशी, ही ओव्हनपाशी, मी एका हाताने इस्त्री आणि दुसऱ्याने गीझर. स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा आठवा ठोका पडला, मी म्हटलं, दाबा!

सगळ्या घरात अंधार. मेन स्विच पडला होता. अंधारात आईचा आवाज आला, वाचली का रे वीज? लेक एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. ग्लास सापडेना.

निष्कर्ष: योजना उत्तम, वायरिंग जुनं. उद्यापासून इस्त्री आठ वाजून पाच मिनिटांनी.

१० फेब्रुवारी, सोमवार. रात्री ९.००

ट्रायलचा पहिला दिवस. आमच्या स्टॉपवर बसची वेळ ८.५०. ती कधीही ९.१२ च्या आत येत नाही. म्हणून मी घरातून ९.०५ ला निघतो. याला नियोजन म्हणतात. कँटीनच्या पाटीवर साडेनऊ लिहिलंय, शटर उघडलं ९.५२ ला. पंधरा मिनिटं खोके धरून उभा. कँटीनवाला तरुण आहे, तोंडाने गोड. म्हणाला, काका, तुमच्याइतका वक्तशीर माणूस मी पाहिला नाही. मी म्हटलं, तूही प्रयत्न कर, जमेल.

ओव्हनवरून हिच्याशी थोडं वाजलं. आठचा ठोका पडला तरी ही ओव्हन लावीना. आधी ओटा पुसला, मग साखर मोजली, मग पुन्हा मोजली. लावला ८.२५ ला. मी तक्त्यात तिच्या नावापुढे फुली मारली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री ८.४०

माझा फोन बावीस मिनिटं मागे पडतो, हे जुनं दुखणं. आज मोबाइल दुरुस्तीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, फोन बरोबर आहे. त्याच्या दुकानातलं घड्याळही मागेच होतं, तेव्हा वाद घातला नाही. ऑफिसातलंही मागे आहे. त्याबद्दल मी तीन अर्ज दिले आहेत. टीव्हीवरच्या आठच्या बातम्या ८.२२ ला लागतात. हल्ली कुणाला कशाचं काही वाटत नाही.

मनगटावरचं घड्याळ मी रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या घड्याळाशी लावून घेतो. आमच्या लग्नातलं घड्याळ. त्यावर माझा पूर्ण विश्वास. त्याला किल्लीही हीच देते. मला हात लावू देत नाही, इतका तिचा त्यात जीव.

मशीन ८.००. गीझर ८.००. इस्त्री ८.०५. ओव्हन ८.२५ (फुली).

१९ फेब्रुवारी, बुधवार. रात्री ९.१५

लेकीचा एक शर्ट गुलाबी झाला. आठच्या ठोक्याला मशीन चालू व्हायलाच हवं, म्हणून रंग वेगळे करायला वेळ मिळाला नाही. लेक म्हणाली, बाबा, दहा मिनिटं थांबला असतात तर काय झालं असतं? तिला समजावलं की हिरव्या पट्ट्यातलं एक मिनिटही वाया घालवणं म्हणजे गुन्हा. ती हिच्याकडे बघून काहीतरी बोलणार होती. हिने तिला डोळ्यांनी गप्प केलं. मोठ्यांचा मान राखायला शिकवते, हे चांगलं आहे.

इस्त्रीला कपडे उरले नाहीत. टॉवेलांना इस्त्री केली.

ओव्हन ८.२५. आज दहावी फुली. एवढं सांगूनही हिला वेळेचं महत्त्व कळत नाही, याचं वाईट वाटतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार. रात्री ८.५०

कँटीनमध्ये केक अर्ध्या तासात संपतात, असं कँटीनवाला म्हणाला. हिला सांगितलं. रात्री ती वहीत नव्या, मोठ्या ओव्हनचं चित्र काढत होती. मी म्हटलं, बिलात जे वाचेल त्यातून तो घेऊ. ती म्हणाली, आधी बिल येऊ द्या. हिचा स्वभावच जरा शंकेखोर.

५ मार्च, बुधवार. रात्री ८.००

बिल आलं.

रात्री ८.३०

पुन्हा बघितलं. दीडपट.

चूक कंपनीची. त्याशिवाय दुसरी शक्यताच नाही. महिनाभर सेकंदाचीही चूक न करता आम्ही हिरव्यात वीज वापरली. ओव्हन सोडून. म्हणजे वाढलेलं बिल ओव्हनचंच. हे मी हिला जरा मोठ्याने बोललो.

हिने मोठ्या ओव्हनचं चित्र वहीतून काढलं, घडी घालून डब्याखाली ठेवलं. म्हणाली, सोमवारी ट्रायल संपतेय, तेवढे दिवस करते. मग कळवून टाकू जमणार नाही म्हणून.

जेवण गेलं नाही.

६ मार्च, गुरुवार. दुपारी १.००

कंपनीकडे लेखी तक्रार दिली. विषय: मीटरचं घड्याळ मागे असणे. सोबत तक्त्याची झेरॉक्स, तिन्ही रंगांत.

७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६.३०

मीटर तपासणारा माणूस आला. चाळिशीचा, शांत. मीटर बघितलं, टॅबवर आमचा महिनाभराचा आलेख उघडला. म्हणाला, साहेब, मीटर सेकंदाला बरोबर आहे. पण रोज ७.३८ ला तुमच्या घरी काय लग्न असतं का? मी म्हटलं, आम्ही आठला लावतो. त्याने स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघितलं. मग टॅबकडे. मग माझ्याकडे. दवाखान्यात डॉक्टर बघतात तसं.

घड्याळ बावीस मिनिटं पुढे आहे.

म्हणजे मशीन, गीझर, इस्त्री महिनाभर जांभळ्या अर्ध्या तासात. आलेखात हिरव्या पट्ट्यात एकच उंचवटा होता. रोज ८.०३ ला सुरू होणारा. त्याने विचारलं, हे काय आहे? ही म्हणाली, माझा ओव्हन. तो म्हणाला, वहिनी, हे मात्र अगदी नमुनेदार.

तो गेल्यावर चौकशी केली. घरात सगळ्यांना माहीत होतं. लेकीच्या शाळेच्या मुलाखतीला आम्ही पोचलो तेव्हा शिपाई गेटला कुलूप लावत होता. त्याच रात्री हिने घड्याळ पाच मिनिटं पुढे केलं. मला सवय झाली, मी पुन्हा रेंगाळू लागलो, हिने आणखी पाच केली. असं करत करत बावीस. आई म्हणाली, अरे, तू जन्मालासुद्धा बारा दिवस उशिरा आलास, तिने एकटीने सावरलंय तुला.

मी हिला विचारलं, दर बदलल्यावर तरी सांगायचं होतंस. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही घड्याळ नीट केलं असतं. मग माझे केक वेळेवर पोचवले कुणी असते? बिल एवढं फुगेल असं वाटलं नव्हतं. इस्त्री टॉवेलांनाही होईल हे माझ्या हिशेबात नव्हतं.

आता बिल ओव्हनमुळे वाढलं नाही, हे तिला कळलंय. घडी घातलेलं चित्र डब्याखालून वहीत परत गेलं. सोमवारी सकाळी कॉलेजच्या प्राचार्या कँटीनमध्ये येऊन केक चाखणार, मग ठरणार. साडेनऊला पोचायला हवं, असं ही म्हणाली.

८ मार्च, शनिवार. सकाळी ७.०५ (खरोखर बरोबर)

स्टुलावर चढून घड्याळ स्वतः लावलं, फोन बघून. ही खाली उभी होती. म्हणाली, सोमवार तेवढा जाऊ द्या, मग करा. मी म्हटलं, खोट्या वेळेवर एक दिवसही जगणार नाही. वक्तशीरपणा रक्तात असतो, घड्याळात नाही. सोमवारी दाखवून देतो.

१० मार्च, सोमवार. रात्री ८.१५

नेहमीप्रमाणे ९.०५ ला निघालो. आता घड्याळ बरोबर आहे हे मान्य, पण बस बावीस मिनिटं उशिरा येते हाही अनेक वर्षांचा अनुभव. दोन्ही लक्षात घेऊनच निघालो होतो. स्टॉपवर ९.१२ ला. बस नाही. शेजारच्या फळवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ८.५० ची ना? ती ८.५० लाच गेली. रोजच जाते. आज तुम्ही कसे चुकलात?

पुढची बस ९.२५ ला. चाळीस केक मांडीवर, आणि नजर मनगटावर. साडेनऊ झाले तेव्हा बस अजून पुलावरही चढली नव्हती. डब्याखाली गेलेलं ते चित्र सारखं डोळ्यांसमोर. हिला काय सांगायचं याची तीन वाक्यं तयार केली. तिन्ही खोटी निघाली.

नऊ त्रेपन्नला धापा टाकत कँटीनमध्ये शिरलो. कँटीनवाला टेबल पुसत होता. म्हणाला, या काका, सात मिनिटं आधी आलात की. प्राचार्या दहाला येणार आहेत. काकूंचा फोन होता, म्हणाल्या, आज पावणेदहा ते दहाच्या मध्ये कधीही येतील, घाबरू नकोस.

प्राचार्यांनी दोन केक खाल्ले, एक पिशवीत टाकला. वर्षभराचं काम पक्कं.

घरी येऊन सगळं खरं सांगितलं. ही म्हणाली, ठाऊक होतं. म्हणून तर साडेनऊ सांगितलं.

११ मार्च, मंगळवार. सकाळी (घड्याळात ८.४०, पुढचं माहीत नाही)

साधा दर परत घ्यायचा फॉर्म भरायला बसलो होतो. हिने काढून घेतला. म्हणाली, हा दर चांगला आहे, माझ्या ओव्हनला तर फारच. अटीप्रमाणे सगळी बटणं तिच्या ताब्यात गेली. तक्ता तोच आहे, फक्त फुल्या आता माझ्या नावापुढे. इस्त्रीला हात लावायच्या आधी विचारायचं. टॉवेल बंद.

रात्री मीच तिला म्हटलं होतं, घड्याळ पुढे कर, पण किती ते मला सांगू नकोस. ती म्हणाली, तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हाच केलं.

सकाळी फोनमध्ये वेळ बघायचा मोह झाला. फोन पालथा ठेवला.

आज ९.०५ ला निघणार होतो. ही म्हणाली, नऊला निघा. मी विचारलं, कुठल्या घड्याळाचे नऊ? ती म्हणाली, मी सांगेन तेव्हाचे.

आताच तिने हाक मारली. निघतो.